भागोजीची पारख

देवरूखच्या वरच्या अंगाला एका वाडीत भागोजीने पंचेचाळीस वर्षं गावची गुरं राखली. सकाळी गोठ्यागोठ्यातून गुरं सुटली की ती घेऊन सड्यावर, वरच्या कातळमाळावर जायचं, उन्हं कलली की परतायचं. शाळेत तो दुसरीपुढे गेला नाही, पण जनावर बघावं ते भागोजीनेच. तांबडी, बांडी, करडी अशी रंगावरून नावं काय, कोणीही ठेवतं. भागोजी नाकपुडी बघायचा, पापण्या बघायचा, खूर बघायचा आणि वासराचा बाप कोण ते सांगायचा. आपल्या कोकणी गाईचा रंग तांबडा असो की पांढरा, नाकपुडी आणि खूर काळे हवेत, वशिंड लहान का होईना हवंच, असं तो म्हणायचा. गाय घ्यायची तर आधी भागोजीला दाखवायची, असा वाडीत रिवाजच होता.

गेल्या दिवाळीनंतर तालुक्यात देशी गुरांचं प्रदर्शन भरलं. गुरांच्या डॉक्टर ऋजुताबाईंनी पारख करायला भागोजीला मुद्दाम बोलावलं. धुतलेला सदरा घालून तो गेला. तिथे चारुदत्त बागायतदार आपली तांबडी गाय हार घालून घेऊन आले होते. भागोजीच्या कळपातली निम्मी गुरं त्यांचीच. ही गाय मात्र त्यांनी महिन्यापूर्वी बाहेरून आणलेली. बागेत त्यांनी पाहुण्यांसाठी खोल्या बांधल्या होत्या आणि तिथे अस्सल कोकणी गाईची पाटी लावायची होती.

भागोजीने गाईभोवती दोन फेऱ्या मारल्या. काय ते त्याला पहिल्याच फेरीत कळलं होतं. दुसरी फेरी, ते कसं सांगावं याचा विचार करण्यात गेली.

“बाई, हिच्या नाकपुडीभवती पांढरा कडा हाय, वशिंड नाय,” तो हळू म्हणाला. “जर्सीचा रगात हाय हिच्यात.”

दोरी धरून उभ्या असलेल्या चारुदत्तांनीही ते ऐकलं. ऋजुताबाई वाकल्या. त्यांनाही दिसलं. मांडवात पाहुणे खोळंबले होते. “काका, थोडाफार फरक चालतो,” एवढंच त्या म्हणाल्या आणि पहिला नंबर चारुदत्तांच्या गाईला गेला. फोटोच्या वेळी कुणीतरी भागोजीला जरा बाजूला व्हायला सांगितलं.

चार दिवसांनी चारुदत्तांचा गडी धोंडू सांगत आला, की बागेला कुंपण झालंय, आमची गुरं उद्यापासून येणार नाहीत. कुणी रागावलं नाही, भांडलं नाही. उरली अकरा गुरं, तीही म्हाताऱ्याकोताऱ्यांची, ज्यांची मुलं मुंबईला. एवढ्याशा गुरांमागे कोण दिवसभर फिरणार? एकेक करत ती विकली गेली. शिमग्यापर्यंत तीन राहिली, ती दारातच बांधलेली.

“तुमाला बोलायची काय गरज होती?” बायको जनीने एकदाच विचारलं.

“विचारलानी म्हनून सांगितला.”

मे महिन्यात चारुदत्तांनी स्वतः बोलावून घेतलं. पाहुणे गाईंबद्दल विचारतात, धोंडूला काही सांगता येत नाही, तुम्ही या, झालं गेलं सोडा, असं ते नीट, आदरानेच बोलले. त्या आदराचाच भागोजीला जास्त राग आला. दोन दिवस तो ओटीवर बसून राहिला. तिसऱ्या दिवशी गेला.

पुण्याचं एक कुटुंब आलं होतं. भागोजीने त्यांना खूर दाखवले, वशिंड दाखवलं, सगळं बाजूच्या गाईंवर. शेवटी त्यातल्या लहान मुलीने हार घातलेल्या तांबडीकडे बोट केलं. “आणि ही?”

चारुदत्त जवळच उभे होते. भागोजीने गाईच्या मानेवरून हात फिरवला.

“ही पहिल्या नंबरची,” तो म्हणाला.

त्यात खोटं काही नव्हतं. तरी घरी आल्यावर त्याला जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा गेला. पावसाळा तोंडावर येईपर्यंत कुणी विचारायची वाट न बघता, पाहुणे फाटकातून आत आले की तो त्यांना आधी तांबडीपाशीच नेऊन “ही पहिल्या नंबरची” म्हणून सांगू लागला.