साटंलोटं चालणार नाही

गिरणेच्या दोन्ही काठांवर ज्यांची लग्नं झाली आहेत, त्यांतल्या निम्म्या लोकांनी माझ्या वडिलांच्या या मित्राचे आयुष्यभर आभार मानले आहेत, आणि उरलेल्या निम्म्यांनी भांडणात त्यांचं नाव घेऊन बोटं मोडली आहेत. तिसरा वर्ग नाही. अख्खा भडगाव तालुका त्यांना नाना म्हणतो. पोट शेतीवर, पण जीव सोयरिकीत. एसटीत शेजारचा माणूस तिकीट काढायच्या आत नाना त्याचं गाव, कूळ आणि घरात लग्नाचं कोण आहे हे काढून घेतात. चप्पल घ्यायला गेले तरी चपलेआधी दुकानदाराच्या भाचीची चौकशी. एकदा पाचोऱ्याच्या दवाखान्यात सलाईनवर होते, तर सुटताना तिथल्या नर्सबाईंचं लग्न कंपाउंडरच्या मावसभावाशी ठरवून आले. आजार कोणता होता ते आता कोणाला आठवत नाही. जोडप्याचं मात्र झकास चाललंय.

आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. जळगावच्या होस्टेलला जागा मिळते का बघायला वडील आले, पण गेटच्या आत यायला बिचकले. बाहेर रसवंतीच्या बाकावर बसून राहिले. आत गेले नाना. रेक्टरांची आणि त्यांची जन्मात भेट नव्हती. नानांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि एवढंच म्हणाले, "साहेब, हाऊ आपला पोऱ्या शे." हा आपला मुलगा आहे. त्या 'आपला'मध्ये रेक्टर कधी ओढले गेले, त्यांनाही कळलं नाही. मला खोली मिळाली. पुढे शिकलो, आणि आता जळगावातच लोकांच्या वेबसाइट इंटरनेटच्या शोधात वर आणायचं काम करतो.

याच ऑफिसात एका दुपारी नाना येऊन बसले. पाणी प्यायले, पंख्याकडे बघितलं आणि म्हणाले, "भाऊ, आता मला कोणी विचारत नाही."

आमच्याकडे लग्नात मध्यस्थाला टोपी-टॉवेलाचा मान असतो. नानांकडे अशा टोप्यांनी एक ट्रंक भरली आहे. पण हल्ली पोरं फोनवरच जमवतात. गेल्या लग्नसराईत पाचोऱ्याच्या एका लग्नात टोप्यांचं ताट नानांच्या समोरून निघून गेलं. ज्या नवरदेवाच्या आईबापाचं नानांनीच जमवलं होतं, त्याच घरातलं ते लग्न. नाना जेवून परत आले. पुतण्याने त्यांच्या वधू-वर सूचक केंद्राची वेबसाइट काढून दिली होती, पण शोधलं तर ती कुठेच सापडत नव्हती. "तुळशीचं लग्न लागायच्या आत वर आण," नाना म्हणाले. "नाहीतर ट्रंकेला कुलूप घालतो."

मी त्यांना सोप्या शब्दांत सांगितलं, की दुसऱ्यांच्या चांगल्या वेबसाइटवरून आपल्याकडे यायची वाट ठेवली की तिला बॅकलिंक म्हणतात. अशा वाटा जितक्या भरवशाच्या, तितकं आपलं वजन वाढतं. नाना माझ्याकडे दयेने बघत राहिले. "म्हणजे शिफारस! एवढ्यासाठी तू पदवी घेतलीस?"

त्यानंतर मला शिकवायचं काही उरलं नाही. एकाच मालकाच्या चार वेबसाइट एकमेकींना लिंक देतात ते चालत नाही, म्हणालो, तर "सगोत्र. कसं चालेल?" धुळ्याच्या एका केंद्राने निरोप धाडला, तुम्ही आमची लिंक लावा, आम्ही तुमची लावतो. असली अदलाबदल शोधयंत्राला कळते, असं मी सांगताच नाना ताडकन उठले. "साटंलोटं! तुमची पोर आम्हाला, आमची तुम्हाला. एका घरी ताट आपटलं की दुसऱ्या घरची सून माहेरी. साटंलोटं चालणार नाही!" मग एका परक्या शहरातून हजारो लिंका विकणाऱ्याचा फोन आला. नानांनी स्पीकर लावून त्याची बैठकच घेतली.

"गावं कोणती?"

"सर, ऑल ओव्हर वर्ल्ड."

"घरं कशी?"

"सर, मोस्टली गेमिंग साइट्स."

"म्हणजे पत्त्यांचे क्लब," नाना मला म्हणाले. "पोरीचा बाप चौकशीला गेला तर काय सांगू?" आणि फोनमध्ये म्हणाले, "भाऊ, रातोरात एवढे सोयरे फक्त निवडणुकीत मिळतात. तुझं लग्न झालं का?" पलीकडून फोन बंद.

मग नाना स्वतःच निघाले. ईमेल वगैरे नाही. पिशवी, एसटी आणि पाय. आपण जमवलेल्या जोडप्यांपैकी कोणाकोणाची वेबसाइट आहे ते विचारत पाचोरा, चाळीसगाव, धुळं पालथं घातलं. कोणी ठिबकवाला, कोणी बोअरवेलवाला, एक मारवाडी कापडवाले शेठ. चहा झाला की नाना म्हणत, "तुमच्या दारावर माझं नाव लावा." शेठ म्हणाले, "नाना, दार नहीं, पूरी दुकान आपकी," आणि शालूंच्या पानावर लावलं. बोअरवेलवाल्याने 'खोल खोदाई'च्या खाली लावलं. धुळ्याच्या दातांच्या डॉक्टरने तर कृतज्ञतेच्या भरात नानांचा मोबाइल नंबर स्वतःच्या नंबराच्या वर टाकला, आणि नानांना दातदुखीचे फोन सुरू झाले.

एकदा ते माझ्यासमोरच असा फोन घेत होते.

"दाढ दुखतेय? कोणती?... अगदी शेवटची? म्हणजे अक्कलदाढ. मग वय झालं की लग्नाचं! नोकरी कुठे?"

मी कपाळाला हात लावला. पण त्या पोराची दाढ डॉक्टरने काढली, आणि लग्न नानांनी भुसावळच्या पलीकडे दीपनगर कॉलनीतल्या एका मुलीशी जमवलं.

तुळशीचं लग्न जवळ आलं तेव्हा मी भीत भीत बघितलं. वेबसाइट शोधाच्या तिसऱ्या पानावर होती. सांगायला फोन केला तर नानांचा फोन सारखा दुसऱ्या कॉलवर. लिंक मागायला ते ज्या ज्या घरी गेले होते, त्या त्या घरी एखादी पुतणी, एखादा भाचा लग्नाचा निघाला होता. लोक नानांना विसरले नव्हते. नाना हयात आहेत आणि अजून हे काम करतात, एवढंच त्यांना माहीत नव्हतं. शेवटी फोन लागला. मी तिसऱ्या पानाचं बोललो. "राहू दे," नाना म्हणाले. "पंगतीत तूपवाला मागूनच येतो."

दीपनगरच्या लग्नाला ते मला घेऊन गेले. टोप्यांचं ताट आलं आणि सगळ्यांत आधी नानांपुढे थांबलं. नवरदेवाने टोपी घातली आणि गाल दाबत वाकून नमस्कार केला. सवय राहिली असावी. परतीच्या एसटीत अंधार पडला तरी नानांनी ती टोपी काढली नाही. भुसावळ गेलं तसे म्हणाले, "आता आपल्या वेबसाइटवर तुझ्या ऑफिसची लिंक लाव."

"नाना, तुमची आमच्याकडे लावलेली आहे. हे साटंलोटं होईल."

"सोयरिकीत साटंलोटं, भाऊ. घरच्या पोराशी कसलं आलंय?" आणि टोपी सरळ करून ते खिडकीबाहेरच्या केळीच्या बागांकडे बघत राहिले.

मी दुसऱ्याच दिवशी लावली. माझ्या धंद्याच्या नियमात ती बसत नाही, आणि कोणी विचारलं तर मी गिऱ्हाइकांना असं करू नका असंच सांगतो. पण नानांच्या पानावर अगदी तळाशी ती आहे. लिंकेवर कोणते शब्द घालायचे तेही नानांनीच सांगितले होते. ऑफिसचं नाव नाही, गाव नाही, काम नाही. एवढंच: हाऊ आपला पोऱ्या शे.