गाणारा अजून आला नाही

मंडळी, युरोपातलं जुनं, विसरलेलं बरोक संगीत आणि जॅझ फ्यूजन ऐकणारे आपण मोजकेच, म्हणून हे इथेच सांगतो.

आज कर्जतहून चौकला शेअर रिक्षाने येत होतो. रिक्षावाल्याच्या मोबाईलची बॅटरी संपलेली. म्हणाला, "तुमच्याकडचं कायतरी लावा." मी माझा फोन रिक्षातल्या स्पीकरला जोडला आणि एक बरोक रेकॉर्डिंग लावलं. दोन व्हायोलिन, चेलो, हार्पसिकॉर्ड.

मागे बसलेल्या मावशींनी बराच वेळ ऐकलं. मग रिक्षावाल्याला विचारलं, "गाणारा कवा येतोय रं?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी बदलून फ्यूजन लावलं. गिटार, ड्रम्स, कीबोर्ड. गाणारा नाहीच. मग मीच सांगितलं,

"मावशी, यात कुणी गात नाही. नुसती वाद्यं असतात."

"असं कसं? एवडी वाजंत्री हाय, मंजी नवरदेव येनारच."

त्यांचं गाव आलं. उतरताना मला म्हणाल्या, "मी चालले. तो आला तर माज्या वाटचं तुमी ऐका."

घरी येऊन तेच बरोक पुन्हा लावलंय. इतकी वर्षं ऐकतोय, कधी काही कमी वाटलं नव्हतं. तुमचं कधी असं झालंय का? आज व्हायोलिन थांबलं की मी दाराकडे बघतोय.