सोनपेठचा ऑर्गन आणि पाथरीचा ऑर्गन

माझ्या साडूंनी अमेरिकेतल्या एका माणसावर जेवढा जीव टाकला, तेवढा उभ्या परभणी जिल्ह्यात कुणी कुणावर टाकला नसेल, आणि त्या प्रेमाचा जेवढा ताप मला झाला, तेवढा खुद्द त्या माणसालाही झाला नसेल. तो माणूस ऑर्गन वाजवायचा. म्हणजे आपल्या पेटीचाच थोरला भाऊ. हातांनी तर वाजतोच, वर पायांनीही वाजतो. साडू सोनपेठला शाळामास्तर. मी एसटीत कंडक्टर. परभणीहून पाथरीमार्गे सोनपेठ आणि तसंच परत, ही माझी ड्यूटी. सोनपेठला गाडी पाऊण तास थांबायची. त्या पाऊण तासात मास्तरांच्या घरी भाकरी खावी आणि पाय लांब करावेत, एवढंच माझं देवाकडं मागणं होतं. पण नेमकी तीच शाळेची मधली सुट्टी. मी हात धुऊन ताटावर बसतो न बसतो तोच मास्तर तबकडीवरची धूळ धोतराच्या सोग्यानं पुसत समोर यायचे. "पाव्हणं, जेवा तुमी. कानाला काय काम हाय तुमच्या?"

हे खूळ आलं दुष्काळाच्या साली. बोअर मारायच्या मशिनीबरोबर एक गोरा साहेब पाथरीकडं आला होता. इंग्रजी येतं म्हणून मास्तर त्याचे दुभाषी झाले. साहेबाचं पोट बिघडलं की औषध द्यायचे पाथरीच्या गुरांच्या दवाखान्यातले कंपाउंडर. त्यांना सगळा गाव डॉक्टर म्हणायचा, आणि गुरांचं औषध माणसाला कसं, असं साहेबानंही कधी विचारलं नाही, कारण गुण येत होता. साहेबानं पाच रेकॉर्डी आणलेल्या, पण वाजवायचं मशीन जीपच्या धक्क्यांनी मोडलेलं. मग तो संध्याकाळी जीपच्या बॉनेटवर बोटं नाचवून आणि बंपरवर पाय आपटून या दोघांना तो ऑर्गनवाला समजावून सांगायचा. जाताना तीन रेकॉर्डी मास्तरांना दिल्या, दोन डॉक्टरांना. मशीन दोघांकडंही नव्हतं. तरी साहेबाची जीप दिसेनाशी व्हायच्या आत दोघांचं वाजलं. मास्तरांचं म्हणणं, बोटं सावकाश फिरत होती, तो मोठ्या दुःखाचा माणूस असणार. डॉक्टर म्हणाले, कसलं दुःख, बोटं दिसत नव्हती एवढी पळत होती. शब्दानं शब्द वाढला. पुन्हा एकमेकांच्या उंबऱ्यावर पाय ठेवायचा नाही, असं ठरवून दोघं घरी गेले.

पुढच्या वर्षी दोघांनीही कुठून कुठून मशिनी पैदा केल्या. आता तरी मिटेल असं मला वाटलं होतं. कुठलं काय! रेकॉर्डींची अदलाबदल माझ्यामार्फत सुरू झाली आणि प्रत्येक रेकॉर्डीबरोबर एक चिठ्ठी. तिकिटांची पेटी एका काखेत, ऑर्गनवाला दुसऱ्या काखेत, अशी माझी चार वर्षं गेली. मास्तर लिहायचे, "दुसऱ्या बाजूस मध्यावर तो जो थबकतो, ते थबकणे नव्हे, ते चिंतन होय." पाथरीच्या स्टँडवर डॉक्टर चिठ्ठी उभ्या उभ्या वाचायचे आणि भडकायचे. "अजी कंडक्टरसाब, मास्तरला म्हणावं, थबकायला त्याला सवड कुठं हाय? लगीनघरातल्या आचाऱ्यावानी पळायलाय तो!" वेष्टणावर त्या ऑर्गनवाल्याचा फोटो होता, टोपी घातलेला, डोळे मिटलेला. मास्तरांच्या मते ते डोळे ध्यानात मिटलेले. डॉक्टरांच्या मते वेगामुळं. त्या फोटोवर दोन्ही बाजूंनी मिळून सोळा चिठ्ठ्या झाल्या. मेहुणी, म्हणजे आमच्या आक्का, चुलीपुढून एवढंच म्हणायच्या, "मला तर ते पंक्चर झालेलं भजन वाटतं." मला काय वाटतं, हे कुणी विचारलं नाही. मला झोप यायची.

मास्तरांचं मशीन सेलवर चालायचं. सेल उतरले की नवे आणावेत, हे त्यांच्या शिस्तीत बसत नव्हतं. ते सेल काढून पत्र्यावर उन्हात वाळत घालायचे, आक्कांच्या कुरडयांच्या शेजारी. "ऊन खाल्लं की जीव येतो त्यांच्यात," असं म्हणून पुन्हा बसवायचे. एकदा आक्कांनी कुरडयांबरोबर सेलही डब्यात भरून ठेवले, तर तीन दिवस घरात अबोला. तसल्या सेलांवर तो ऑर्गनवाला असा काही खोल, जड आवाजात वाजवायचा की माझी भाकरी घशात अडकायची. मास्तर मात्र डोळे पुसत म्हणायचे, "कसा रडायलाय बघा. हा आपलाच माणूस हाय."

एकदा मास्तरांच्या मशिनीची सुई झिजली. परभणीहून नवी आणा, आणि बरोबर बसती का ते याच रेकॉर्डीवर वाजवून बघा, असा हुकूम झाला. रेडिओ दुरुस्तीवाल्याकडं गेलो. त्यानं रेकॉर्ड त्याच्या मशिनीवर लावली आणि मी म्हणालो, "ओ, ही नव्हे, दुसरीच कुठली लावलीत." त्यानं मला तबकडीवरचं नाव दाखवलं. तीच होती. पण हा रडत नव्हता आणि पळतही नव्हता. जेवण झाल्यावर ओसरीवर बसून कुणी निवांत बोलावं तसा वाजवत होता. मी स्टुलावर बसलो आणि अख्खी बाजू ऐकली. चार वर्षांत पहिल्यांदा मला तो माणूस आवडला. दुरुस्तीवाल्याला दोन्ही मशिनींची हकिकत सांगितली, तर तो हसून हसून आडवा झाला. "एकाचे सेल मेलेत. आणि दुसऱ्याचा वेगाचा खटका मिनिटाला तेहतीस फेऱ्यांच्या जागी पंचेचाळीसवर अडकला असंल."

सुटलो, असं मला वाटलं. खोटं कशाला सांगू, फार आनंद झाला. मास्तरांना नवे सेल नेऊन दिले. डॉक्टरांचं मशीन मीच डोक्यावरून परभणीला नेलं आणि खटका नीट करून आणला. दोघांनी आपापल्या घरी ऐकलं. बाजू संपल्यावर मास्तरांनी सुई उचलली आणि म्हणाले, "बरं वाजवतो." पाथरीला डॉक्टर म्हणाले, "ठीक हाय की." बस, संपलं. दोघांचं एकमत झालं होतं.

त्यानंतर चिठ्ठी नाही. महिना गेला, दीड महिना गेला. मधल्या सुट्टीत मास्तर भिंतीला टेकून बसायचे, मशीन झाकलेलं. मला पाऊणच्या पाऊण तास मिळाला आणि मेली झोप काही येईना.

"पाथरीचं काय?" एक दिवस त्यांनी विचारलं.

"काही नाही."

"काहीच म्हणले न्हाईत डॉक्टर?"

"नाही."

त्यांनी मशिनीवरचं फडकं उगीच सारखं केलं. "चार वर्षं आमी सेलवर अन् खटक्यावर भांडलो म्हणायचं. त्या ऑर्गनवाल्याचं नाव घेणारं या मुलखात दुसरं कोण हाय, पाव्हणं? एक डॉक्टर. त्यांच्यासंगं बोलायला आता काय उरलंय माझ्याजवळ?"

मला स्वतःची लाज वाटली. माझ्या पाऊण तासासाठी मी दोन माणसांची बोलाचाल मोडली होती. आणि मग मी जन्मात कधी बोललो नाही असलं खोटं बोललो. "तसं नाही, म्हणत होते काहीतरी. मीच सांगितलं नाही."

"काय?"

"म्हणाले, त्या रेकॉर्डीत पायाचं जे वाजतं, ते त्याचं नव्हेच. मागं दुसरा माणूस बसवला असणार."

मास्तर ताडकन उठले. "दुसरा माणूस? याला दुसरा माणूस लागतो?" मशिनीवरचं फडकं फेकलं, रेकॉर्ड लावली, कान लावला, कागद ओढला. शाळेची घंटा झाली तरी ते लिहीतच होते. चार पानं भरली. गाडी पाच मिनिटं उशिरा सोडली मी, आणि प्रवाशांची बोलणी मुकाट ऐकून घेतली.

पाथरीच्या स्टँडवर डॉक्टर भेटले. चार पानं त्यांनी सावकाश वाचली, मग चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं. "कंडक्टरसाब, असं मी कवा म्हणलो?"

मी तिकिटांच्या पेटीत काहीतरी शोधू लागलो. ड्रायव्हरनं हॉर्न दिला. डॉक्टरांनी कागदाची घडी केली, खिशात ठेवली आणि वरून हात दाबून धरला.

"म्हणलो असंल," ते म्हणाले. "मास्तरला सांगा, माझं म्हणणं पक्कं हाय. उद्या जवाब देतो. जरा मोठा हुईल, पिशवी आणा."