पुतळीकाकूंच्या नितळ बाटल्या

पुतळीकाकूंइतक्या नितळ बाटल्या आमच्या रोह्याच्या प्रयोगशाळेत दुसरं कुणीच पाठवत नसे. काकूंची हयात पेणच्या खाडीकाठी मिठागरात गेली. खाडीच्या पाण्याचे नमुने भरायला आम्ही त्यांना ठेवलं, तेव्हा मी ऐटीत सांगू लागले, "हवेतला कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळतो, तो मोजायचाय. खाडीत आणखी किती मावेल ते बघायचंय." काकू म्हणाल्या, "माप तू कर गो ऋतुजा. पानी माझ्यावर सोड."

तीन महिने बाटल्या रोह्याला येत राहिल्या. आकडे झकास. पाण्यात वायू अगदी कमी, म्हणजे खाडीच्या पोटात अजून भरपूर जागा. साहेब खूश, अहवाल तयार.

तो पाठवायच्या आदल्या दिवशी मी सहज काकूंकडे गेले. अंगणात, भर उन्हात, खाडीच्या पाण्याचं घमेलं.

"हे काय?"

"गाळ बसू दे. गढूळ पानी देऊ का तुझ्या सायबाला?"

तेव्हा कुठे मला उलगडलं. मिठागरातली सवय, पाणी आधी निवळू द्यायचं. बाटलीत बुडबुडा नको एवढं मी बजावलं होतं. थेट खाडीतच भरा, हे सांगायचं राहिलं. गार पाण्यात वायू मुरतो, तापलं की सुटतो. उघड्या सोड्याचा गॅस जावा तसा तो रोज घमेल्यातून उडून जात होता.

मी सगळं सांगितलं. हेही सांगितलं, की खाडीत जागा नाही असं निघालं तर काम इथून दुसऱ्या खाडीवर हलेल. खरं सांगते, मला गप्प बसायचं होतं.

"म्हंजे माझं काम जाईल?"

"जाईल."

काकूंनी घमेलं उपडं केलं. तशाच खाडीत उतरल्या, बाटली पाण्याखाली भरून तिथेच बूच लावलं. पाणी चहासारखं गढूळ.

"ही मोज. आन् आदीच्या बाटल्या पुतळीनं बिघडवल्या म्हनून लिव. नाव नीट लिव."

"चूक माझी आहे, काकू."

"मंग दोगींची लिव."

संध्याकाळी मोजलं. पाण्यात वायू ठासून भरलेला. काकूंना फोन लावून आकडा सांगितला.

"एका बाटलीवर काय बोलतेस?" काकू डाफरल्या. "तीन महिन्यांचं परत भरायचं हाय. उद्या भरती साताला. रिकाम्या बाटल्या घेऊन ये."