आईच्या गालावरची हिरवी सावली

टर्पेंटाइनचा वास आला, की आजही मला पितळी ताटातले पेरू दिसतात... ताट कललेलं, पेरू आता घरंगळतील असे, आणि त्यांच्यामागे, आईच्या चेहऱ्याच्या जागी, खरवडलेला पांढुरका कॅनव्हास. ते चित्र मी लहानपणी, भाऊकाकांच्या उरल्यासुरल्या रंगांत काढलं होतं.

भाऊकाका म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ. सीपरी बाजारात आमचं एकत्र घर. झाशीतल्या आमच्या मराठी घरांतून माणूस गेलं, की फोटोवरून त्याचं तैलचित्र करून बैठकीत लावायची रीत होती, आणि ती चित्रं काकाच काढत. त्यांच्या ब्रशखाली सगळेच मेल्यावर गोरे व्हायचे. त्यांच्याच कपाटातल्या एका जाड विलायती पुस्तकात मात्र टेबलं वाकडी होती, सफरचंदं घसरत होती, माणसांच्या गालांवर हिरवे-जांभळे फटकारे होते — या चित्रशैलीचं उत्तर-दृक्प्रत्ययवाद हे भारदस्त नाव मला फार पुढे कळलं. तेव्हा एवढंच कळलं, की माझी सावळी आई या चित्रकारांना बरोब्बर काढता आली असती.

काकांनी माझं चित्र पाहिलं. "चेहरा कधी हिरवा असतो का गं? लोग हँसेंगे," म्हणाले, आणि रंगाच्या सुरीने आईचा चेहरा खरवडून टाकला. आई दारातच उभी होती. पदराने स्वतःचा गाल पुसत ती आत गेली.

पुढे लवकरच ती वारली. काकांनी तिचं चित्र केलं — गोरीपान, गुळगुळीत, कुणी भलतीच बाई. शेजारणी "कितनी सुंदर लग रही हैं" म्हणत होत्या आणि मी दातओठ खात बसले होते. तो राग मी लोणच्यासारखा मुरू दिला.

गेल्या हिवाळ्यात काकांनी मला बोलावून घेतलं. त्यांचे हात आता कापतात. स्वतःचं चित्र जिवंतपणीच माझ्याकडून करून घ्यायचं होतं. समोर बसताना म्हणाले, "रंग ज़रा साफ, उजळ ठेव हं, बेटा."

मी त्यांच्याशेजारी पेरूंचं ताट कलतं ठेवलं. जन्मभर पावडरीखाली लपवलेला त्यांचा काळा चेहरा हिरव्या-जांभळ्या फटकाऱ्यांत जसाच्या तसा उतरवला. काकू बघून हरखल्या, "अगदी हेच की हो."

काका उठून चित्रापाशी आले. "मैं ऐसा हूँ?"

"असेच आहात. सुरी देऊ?"

त्यांनी घेतली नाही. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू.

ते चित्र आता बैठकीत आईच्या चित्राशेजारी लागलंय. सूड पुरा झाला. पण आईला आठवायला डोळे मिटले, की त्या खरवडलेल्या जागी ती गोरीपान बाईच येऊन बसते... आईचा रंग काही केल्या आठवत नाही.