बेबीनंदाचं पूर्ण नाव

साखर कारखान्याच्या शेतकी विभागात मी तीस वर्षं हेडक्लार्क होतो. माणसं पुष्कळ पाहिली. बहुतेक विसरलो, आणि त्याचं मला दुःख नाही. बेबीनंदा तातेराव खरात मात्र विसरता येत नाही.

शहागडच्या बौद्ध कुटुंबातली ही पोर २००३ साली हंगामी कॉम्प्युटर ऑपरेटर म्हणून आमच्याकडे लागली. शेतकऱ्यांच्या ऊसलागवडीच्या तारखा भरायच्या, एवढंच तिचं काम. त्या तारखांवरून कोणाचा ऊस आधी तुटणार, तो तोडीचा नंबर लागायचा. नंबर बदलायचा अधिकार फक्त शेतकी अधिकाऱ्यांच्या पासवर्डला. आणि आमच्याकडची माणसं नंबरासाठी जेवढं विनवतात, तेवढं देवालाही विनवत नाहीत.

त्या साली विहिरी आटल्या. तातेरावांच्या एक एकर उसाला तुरे आले, पानं वाळायला लागली, आणि नंबर होता दोन महिने लांब. बाप रोज विचारायचा, पोर रोज सांगायची, "अजून न्हाई, आबा."

जानेवारीत मशिनींना नवी नेटवर्क कार्डं बसली. कार्ड चालवायला एक छोटा प्रोग्राम असतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. त्यानं मशीनचं नाव विचारलं. दुसरं कोणी 'चार नंबर' लिहून मोकळं झालं असतं. पण हिच्या मास्तरांनी छड्या मारून शिकवलेलं, की नाव अर्धवट लिहायचं नाही. तिनं स्वतःचं नाव, बापाचं नाव, आडनाव, मुक्काम पोस्ट शहागड, तालुका अंबड, जिल्हा जालना, सगळं त्या एका चौकटीत भरलं.

ड्रायव्हर कोसळला. पडद्यावर एक काळी खिडकी आली आणि त्या खिडकीतून जे उघडायची तिला मनाई होती ते सगळं उघडायला लागलं. तोडीची यादीसुद्धा. शनिवारची दुपार, ऑफिसात चिटपाखरू नाही, समोर बापाचं नाव आणि नंबर बदलायला मशीनची ना नाही.

पुढे औरंगाबादच्या इंजिनियरनं मला समजावलं. ड्रायव्हर मशीनच्या पार आत, मालकाच्या हक्कानं चालतो. हा पठ्ठ्या आलेलं नाव जागेत मावतंय का, हे बघतच नव्हता. जास्तीची अक्षरं आत सांडली, हा कोसळला आणि आपले सगळे हक्क समोर बसलेल्याच्या हातात देऊन गेला. मी तोंड उघडं टाकून ऐकत राहिलो. एवढं कुलूपबंद यंत्र, आणि ते एका पूर्ण पत्त्यानं उघडावं!

सोमवारी ती स्वतः शेतकी अधिकाऱ्यांपुढे उभी राहिली आणि तिनं यादी उघडल्याचं सांगितलं. साहेब भडकले. "माझा पासवर्ड चोरलास? बापाचा ऊस उभा आहे म्हणून?" नोकरी गेली, असंच मी धरून चाललो.

"मी काय चोऱ्या करून राह्यले का, साहेब? पुंजाराममामाला बसवा मशीनवर."

पुंजाराम आमचा शिपाई. कीबोर्डला त्यानं जन्मात कधी बोट लावलं नव्हतं. ही दारापाशी हाताची घडी घालून उभी राहिली. म्हणाली, "मामा, त्या चौकटीत एकच कळ दाबत ऱ्हा." त्यानं दाबली. दाबतच राहिला. काळी खिडकी आली. साहेबांनी शोधून पाहिलं, तर तोडीची यादी शिपायापुढे उघडी.

"साहेब, म्या काहीच केलं न्हाई!" पुंजाराम घामाघूम.

माझ्या अंगावर काटा आला, तो मशीनमुळे नाही. शनिवार दुपार ते सोमवार सकाळ त्या पोरीच्या हातात अख्ख्या तालुक्याचा ऊस होता, आणि रविवारी ती बापाच्या वाळत्या उसात भाकरी घेऊन गेली होती.

कार्डाच्या कंपनीनं दुरुस्त केलेला ड्रायव्हर पाठवला, भोक बुजलं. तातेरावांचा ऊस आपल्या नंबरानं, मार्चअखेर तुटला. वजन निम्मं भरलं. काट्यावर बैलगाडीपाशी ते उभे होते आणि माझ्या तोंडात तीळ भिजत नाही. सांगून टाकलं, की पोरीच्या हातात होतं, तिनं केलं नाही. म्हटलं, आता हा माणूस लेकीला शिव्या घालणार.

तातेराव बैलाच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.

"बरं झालं," ते म्हणाले. "शेजारच्या चतुराबाईचा ऊस तिच्या नंबरानं मागच्या हप्त्यात गेला. तिच्या आधी माझा गेला असता, तर तिच्या बांधावरून मी गाडी कोणत्या तोंडानं हाकली असती?"