कळशीतला जिना

वस्तुचित्रासाठीची आमची तांब्याची कळशी आज मी नेहमीसारखीच टेबलावर ठेवली. पोचे आलेली, आजवरच्या प्रत्येक वर्गाने इमानाने काढलेली. पण आज सातवीच्या मुलांना म्हटलं, “ही कळशी स्वप्नात आली तर कशी दिसेल, तशी काढा.”

मग एकाने भीतभीत विचारलं, “बाई, चुकलं तर मार्क कापणार?”

मलाच लाज वाटली. दिसतं तसंच काढा, हे इतकी वर्षं मीच तर घोकून घेतलं होतं! “अरे, स्वप्नात कसलं चुकतंय?” म्हणाले मात्र, पेन्सिली सुटल्याच. कुणाच्या कळशीला कान फुटले, कुणाची कळशी गमबूट घालून निघाली.

सानिका मात्र शेवटच्या बाकावर मान खाली घालून शेडिंग करत होती. तिच्या कळशीच्या तोंडातून एक दगडी जिना आत खोल उतरत होता आणि प्रत्येक पायरीची सावली उजवीकडेच पडली होती.

“सावली कशी गं ठरवलीस?”

तिने डावीकडच्या खिडकीकडे बोट केलं. “बाई, जिना मनातला आहे, पण उजेड तर इथलाच ना!”

हे मला तासभर बोलूनही सांगता आलं नसतं.

शाळा सुटल्यावर कळशी कपाटात ठेवायला उचलली. एरवी मी ती काठाला धरून लोंबकळवत नेते. आज दोन्ही हातांनी, अगदी सरळ धरून नेली. न जाणो, जिन्यावर कुणी असलं तर!